१६३ मिलिमीटरची पद्मिनी

प्रीमियर पद्मिनीची लांबी ३९३० मिलिमीटर, रुंदी १४६०, आणि पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंतचं अंतर म्हणजे व्हीलबेस २३४०. मॉडेल खऱ्या गाडीच्या चोविसाव्या भागाएवढं, म्हणून तिन्ही आकड्यांना २४ ने भागलं की १६३.७५, ६०.८ आणि ९७.५ मिळतात. सध्या माझ्या टेबलावर जी काळी-पिवळी टॅक्सी तयार होतेय ती या तीन आकड्यांपासून सुरू झाली, आणि ज्याने त्याने बघितल्या बघितल्या विचारलंय की हे किट कुठून मागवलंस, कारण सगळ्यांना असंच वाटतं की इतकी प्रसिद्ध गाडी आहे म्हणजे कोणीतरी किट काढलंच असेल. किट नाहीये. पांढऱ्या स्टायरीन प्लास्टिकच्या शीटमधून कापून कापून करतोय, आणि जे कापून होत नाही ते दुसऱ्या किटमधून उचलतोय.

किट का नसतं ते आधी सांगतो म्हणजे पुढचं नीट लागेल. प्लास्टिक मॉडेल किट म्हणजे पॉलिस्टायरीन वितळवून स्टीलच्या साच्यात दाबाने भरायचं, थंड झालं की एक चौकट बाहेर येते ज्याला शंभरेक छोटे पार्ट लटकलेले असतात, त्या चौकटीला आम्ही स्प्रू म्हणतो. प्लास्टिकला खर्च काहीच नाही, सगळा पैसा साच्यात. त्यामुळे कंपनी तेच करणार जे लंडन, टोकियो, शिकागो सगळीकडे विकलं जाईल. एअरफिक्स या ब्रिटिश कंपनीने १९५३ मध्ये स्पिटफायर हे लढाऊ विमान काढलं आणि त्यानंतर किती कंपन्यांनी किती स्पिटफायर काढली असतील. तामिया शिझुओकाची, १९४६ ला लाकडाचा धंदा म्हणून सुरू झालेली कंपनी, तिच्या कॅटलॉगमध्ये जर्मन रणगाडे ढिगाने आहेत. यात तक्रार काहीच नाही, मी त्यातली कितीतरी किट आनंदाने केलीत आणि अजूनही करतो, तामियाच्या पार्टचं फिटिंग बघितलं की मन भरून येतं, गोंद लावायच्या आधीच दोन अर्धी एकमेकांना धरून बसतात. पण पेटीवर जे चित्र असतं ते नेहमी दुसऱ्या कोणाच्या तरी गावचं असतं. माझ्यासाठी या छंदात खरी मजा तिथे सुरू होते जिथे आपल्याला पेटीवर नसलेली एक ठराविक गाडी, एक ठराविक विमान, एका ठराविक सालातलं करायचं असतं.

त्यातलं "ठराविक सालातलं" हे मला एका टॅक्सीवाल्या काकांनी शिकवलं. ठाकूरद्वारच्या जवळ एक स्टँड होता, तिथे पद्मिनी बंद व्हायच्या आधी मी टेप आणि कॅमेरा घेऊन उभा राहायचो. दरवाजाची उंची, बॉनेटचा उतार, हेडलाइटच्या मधलं अंतर, असं सगळं लिहून घ्यायचं, आणि फोटो काढताना गाडीला टेकवून एक फूटपट्टी ठेवायची म्हणजे नंतर फोटोवरून बाकीची मापं काढता येतात. तर काका बघत बघत जवळ आले, म्हणाले,

"काय रे, इन्शुरन्सवाला का?"

"नाही काका, हिचं छोटं मॉडेल करायचंय. एवढं."

"असं होय. कुठल्या सालची करतोयस?"

मी म्हटलं पद्मिनी, तर म्हणाले अरे पद्मिनी कळली, साल कुठलं? आणि मग ते सुरूच झाले. जुनं लोखंडी मीटर बाहेर डाव्या बाजूला असायचं, झेंडा खाली पाडला की मीटर डाऊन, नंतर इलेक्ट्रॉनिक आलं. २००० नंतरच्या काही वर्षांत गाड्या सीएनजीवर गेल्या, मग डिकीत सिलिंडर, म्हणून पॅसेंजरचं सामान वर कॅरियरवर. सीटचं रेक्झिन दर दोन-तीन वर्षांनी बदलायचं, छताच्या आतल्या बाजूला फुलाफुलाचं प्लास्टिक लावायची फॅशन नंतरची. शेवटी म्हणाले, "आणि मीटर विसरू नको, पोरं टॅक्सीचं चित्र काढतात ना, सगळी मीटर विसरतात."

म्हणजे नुसती पद्मिनी अशी गाडी नसतेच. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरची करायची तर नंबरप्लेटवर एमएच येणारच नाही, २०१५ ची करायची तर बाहेर लोखंडी मीटर दिसता कामा नये. मी नव्वदच्या दशकाचा मध्य धरला. मीटर बाहेर, झेंड्यासकट, डिकी रिकामी, कॅरियर आहे, नंबर एमएच-०१ पासून कारण ताडदेव आरटीओ. हे एकदा ठरलं की पुढचे पन्नास निर्णय आपोआप लागत जातात, आणि न ठरवता सुरू केलं तर गाडी कुठल्याच वर्षात बसत नाही.

स्केल १/२४ का घेतलं, तर त्याला व्यावहारिक कारण आहे. गाड्यांची बहुतेक किट १/२४ मध्ये येतात त्यामुळे टायर, सीट, स्टिअरिंग, आरसे हे सगळं उसनं घेता येतं. प्रत्येक स्केलमागे अशीच काहीतरी गोष्ट असते. १/७२ म्हणजे सहा फुटी माणूस बरोबर एक इंच. रणगाड्यांचं १/३५ तर आणखी मजेशीर आहे, साठच्या दशकाच्या सुरुवातीला तामियाने मोटरवर चालणारा पँथर रणगाडा केला तेव्हा आत मोटर आणि बॅटऱ्या बसतील एवढा मोठा केला, तो आकार निघाला साधारण पस्तिसावा भाग, आणि आज जगभरातल्या कंपन्या रणगाडे त्याच स्केलमध्ये काढतात. बॅटरीच्या मापाने अख्ख्या छंदाचं माप ठरवलं.

टायर मी फोक्सवॅगन बीटलच्या किटमधून घेतले. बीटलची चाकं १५ इंची आणि पद्मिनीची १४, त्यामुळे रबरी टायर छोट्या ड्रिलवर फिरवत सँडपेपर धरून बारीक केले, आता बरोबर बसलेत आणि ती अरुंद बारीक चाकंच पद्मिनीला पद्मिनी करतात, त्या जागी रुंद टायर लावले तर बाकी कितीही अचूक केलं तरी गाडी ओळखू येणार नाही.

बॉडीचं काम सगळ्यात अवघड. खऱ्या गाडीचा पत्रा असतो जेमतेम मिलिमीटरभर, त्याचा चोविसावा भाग म्हणजे ०.०४ मिलिमीटर, एवढं पातळ प्लास्टिक हातात धरता पण येत नाही. आणि एक मिलिमीटर जाड शीट वापरली तर ती मूळ मापात २४ मिलिमीटर जाड पत्रा झाली, तसली बॉडी रणगाड्याला शोभेल. उपाय असा की शीट एक मिलिमीटरचीच घ्यायची पण जिथे जिथे कड दिसते तिथे, म्हणजे चाकाच्या कमानी, खिडक्यांच्या चौकटी, दरवाजाचा खालचा भाग, आतल्या बाजूने कानस मारून कड पातळ करायची. बघणाऱ्याला फक्त कड दिसते आणि सगळा पत्राच पातळ वाटतो. छप्पर आणि बॉनेट दुहेरी वळणाचे आहेत, ते नुसती शीट वाकवून होत नाहीत, त्यासाठी आधी लाकडाचा ठोकळा घासून हव्या त्या आकाराचा केला, शीट गरम करून मऊ केली आणि त्याच्यावर खाली दाबली. व्हॅक्युम फॉर्मिंगचं घरगुती रूप. आजकाल लोक हे थ्रीडी प्रिंट करतात आणि छान करतात, पण प्रिंटच्या आधी कॉम्प्युटरवर तेच वळण काढावं लागतं आणि ते मला लाकडावर बोट फिरवून जास्त नीट कळतं.

जोडायला जे सिमेंट लागतं ते गोंद नसतोच मुळात. ते सॉल्व्हंट असतं, दोन्ही बाजूचं प्लास्टिक थोडंसं विरघळवतं आणि ती दोन्ही एकजीव होतात. पातळ सिमेंट असेल तर पार्ट आधी एकत्र धरायचे आणि फटीला ब्रशचं नुसतं टोक लावायचं, ते स्वतःच आत ओढलं जातं. नव्याने सुरू करणाऱ्यांना मी पहिलं हेच सांगतो की फेविक्विक बाजूला ठेव, ते काचेच्या पार्टजवळ वापरलं तर वाफेने काच पांढरी पडते.

हत्यारांच्या बाबतीत मुंबईकर नशीबवान आहेत असं माझं ठाम मत आहे. बाहेरून मागवायच्या आधी एकदा झवेरी बाजाराच्या आसपासच्या गल्ल्यांत जा, सोनारांची हत्यारं विकणारी दुकानं आहेत. बारीक कानशी, चिमटे, हाताने फिरवायचं छोटं ड्रिल म्हणजे पिन वाइस, अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक ड्रिल, जौहरी करवतीची पाती, सगळं मिळतं, आणि ही माणसं रोज त्याच मापावर काम करतात त्यामुळे दुकानदाराला सांगावं लागत नाही की एवढं बारीक कशाला हवंय. पितळेची तार पण तिथेच घेतली, अर्ध्या मिलिमीटरची, १/२४ मध्ये ती १२ मिलिमीटरचा गज होते, कॅरियर त्यातूनच सोल्डर केला. लॅमिंग्टन रोडवर वाइंडिंगची तांब्याची तार घेतली, बॉनेटखालच्या वायरिंगसाठी. मीटरची डबी सहा मिलिमीटरची आहे, झेंडा त्याच्याहून छोटा, तो सोडावॉटरच्या कॅनच्या पत्र्याचा.

आता रंग, आणि रंग म्हटलं की मुंबईची हवा. लॅकर रंगातलं थिनर भराभर उडतं, उडताना पृष्ठभाग थंड करतं, आणि हवेत दमटपणा असेल तर तिथे पाणी जमतं आणि रंगावर दुधासारखी पांढुरकी छटा येते, याला ब्लशिंग म्हणतात. जुलैमध्ये आमच्या डिलाईल रोडच्या घरात तर हे ठरलेलंच. परदेशातल्या व्हिडिओत माणूस गॅरेजमध्ये बसून आरामात ग्लॉस ब्लॅक मारत असतो, त्याच्या हवेचं गणित आपल्याला लागू नाही.

याचं उत्तर मला परळच्या एका गणपतीच्या कारखान्यात मिळालं. भर पावसाळ्यात, सगळ्यात दमट महिन्यांत, ही माणसं शेकडो मूर्ती गनने रंगवतात, तीच गन, तोच कॉम्प्रेसर, फक्त आमच्यापेक्षा मोठा. तिथल्या एका रंगाऱ्याला मी म्हटलं दादा, तुमचा रंग पांढरा कसा नाही पडत? त्यांनी मला आधी कॉम्प्रेसरजवळ नेलं आणि टाकीच्या खालचा नळ उघडला, भसकन पाणी बाहेर आलं. हवा दाबली की तिच्यातलं पाणी टाकीत साठतं आणि तेच गनमधून मूर्तीवर उडतं, म्हणून काम सुरू करायच्या आधी रोज नळ उघडायचा. मग म्हणाले सकाळी सकाळी नाही मारायचा, दुपारी मार, ऊन असो नसो दुपारी हवा त्यातल्या त्यात कोरडी असते. हॅलोजन लावून जागा गरम ठेवायची. आणि एकदम भिजवायचं नाही, हात हलका, पातळ पातळ थर. मी तिथे बराच वेळ उभा राहून त्यांचं शेडिंग बघत होतो, गालाला, बोटांच्या मध्ये, सोंडेच्या वळीत गडद रंगाचा जेमतेम श्वास सोडायचा आणि पुढे जायचं, आमच्यात ज्याला प्री-शेडिंग, पोस्ट-शेडिंग म्हणतात ते हेच. डोळ्यांची आखणी करणारे तर वेगळेच कलाकार, १/३५ च्या सैनिकाचा चेहरा रंगवणाऱ्या प्रत्येकाने एकदा ती आखणी जवळून बघावी असं मी मनापासून सांगतो.

थिनरमध्ये थोडं रिटार्डर घातलं की ते सावकाश उडतं आणि ब्लशिंग कमी होतं, हे त्याच्या जोडीला. आणि मास्क लावाच, खिडकीतून बाहेर जाणारा एक्झॉस्ट लावा. आमच्याकडे आईचं म्हणणं होतं की वास दुधाला लागतो, आणि तिचं बरोबर होतं, छोट्या घरात स्वयंपाकघर आणि वर्कबेंच यात फार अंतर नसतं.

टॅक्सीचा पिवळा आधी मारायचा, काळा नंतर. पिवळ्यात झाकायची ताकद कमी, करड्या प्रायमरवर तो हिरवट मळका दिसतो, खाली पांढरा किंवा फिकट गुलाबी थर दिला की मग उजळतो. तो सुकल्यावर मास्किंग टेप लावून काळा. काळ्यातही निव्वळ काळा नाही वापरला, छोट्या मॉडेलवर निव्वळ काळा रंग सगळे उठाव गिळून टाकतो, चिमूटभर तपकिरी आणि करडा घातला की दरवाजाची रेघ, हँडल, बॉनेटची कड वेगळी दिसायला लागते.

आणि मग वेदरिंग, म्हणजे गाडी वापरलेली, झिजलेली दिसेल असं करणं, माझा आवडता भाग. मुंबईची टॅक्सी युरोपातल्या रणगाड्यासारखी गंजत नाही. समुद्राची खारी हवा आहे, तीन-चार महिने पाण्यातून जाणारे रस्ते आहेत, त्यामुळे गंज खालून वर चढतो, दरवाजाच्या तळाशी, चाकाच्या कमानीत, डिकीच्या कडेला. पण टॅक्सीवाला गाडी तशी सोडत नाही कारण त्याचं पोट तिच्यावर आहे, तो पुट्टी भरतो आणि ब्रशने काळा ऑइल पेंट मारतो. म्हणून मी आधी गंज केला आणि मग त्याच्यावर बारीक ब्रशने थोडा जास्त चमकदार काळा लावला, जरा ओबडधोबड, फटकारे दिसतील असा. दार उघडताना जिथे हात लागतो तिथे रंग घासून गेलेला, छपराच्या पिवळ्यावर कॅरियरच्या पायांजवळ चरे. यातलं प्रत्येक मी काढलेल्या कुठल्या ना कुठल्या फोटोत आहे. फोटोत नसलेली घाण टाकायची नाही हा माझा नियम आहे, त्यात माझ्या दृष्टीने त्या गाडीचा आणि ती चालवणाऱ्याचा मान राहतो.

विमानांच्या बाबतीतही हेच. मिग-२१ ची किट भरपूर आहेत, पण आपल्या वायुदलाचं करायचं तर आधी विचारायचं की कुठलं. १९६३ ला आलं आणि २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला निरोप दिला, एवढ्या वर्षांत एकच मिग-२१ थोडंच होतं. एफएल या प्रकाराची पाठ सडपातळ, बिस या प्रकाराची फुगलेली. एफएलला आतली तोफ नव्हतीच, १९७१ चं करायचं तर पोटाखाली जीपी-९ गन पॉड हवा. विमानावरच्या वायुदलाच्या खुणेच्या वर्तुळाची वेगळीच गंमत आहे, बाहेर केशरी, मग पांढरं, मध्यात हिरवं, आणि घरचा लेझर प्रिंटर पांढरा छापत नाही. पारदर्शक डेकल फिल्मवर (डेकल म्हणजे पाण्यात भिजवून मॉडेलवर चिकटवायची छापील खूण) छापलं की पांढऱ्याच्या जागी खालचा राखाडी दिसतो. म्हणून आधी पांढरी गोल डेकल लावायची आणि तिच्यावर छापलेलं वर्तुळ बसवायचं, किंवा सरळ मास्क कापून रंगच मारायचा. मी मास्कवाला आहे, कडा जास्त साफ येतात. डेकल लावायच्या असतील तर खाली ग्लॉस कोट हवाच, मॅट रंग खरबरीत असतो, त्यात हवा अडकते आणि फिल्म चंदेरी दिसते.

वरळीच्या नेहरू सायन्स सेंटरला एक मरुत लढाऊ विमान उभं आहे. एचएफ-२४, हिंदुस्तान एरोनॉटिक्सचं (एचएएल), पहिलं उड्डाण १७ जून १९६१, डिझाइन कर्ट टँकचं, ज्याने त्याआधी जर्मनीत फोकवुल्फ १९० हे लढाऊ विमान केलं होतं. फोकवुल्फ तामियाने केलंय, हासेगावाने केलंय, एअरफिक्सने केलंय. त्याच माणसाने बंगळुरूत बसून केलेलं विमान या तिघांपैकी कोणीही केलेलं नाही. शाळेच्या सहलीतली पोरं त्याच्या समोरून पळत जातात आणि मला दर वेळी वाटतं की थांबा, बघा, इंजिनाची तोंडं बघा, ही दोन ऑर्फियस इंजिनं आहेत, नॅट या छोट्या लढाऊ विमानात याच जातीचं एकच होतं. मोजायचं असेल तर आत्ता मोजता येतं, उघड्यावर आहे, रविवारी जाऊन चारी बाजूंनी फोटो काढता येतात.

विमानवाहू जहाज विक्रांतचं तसं राहिलं नाही. २००१ पासून ती इथे मुंबईत म्युझियम म्हणून उभी होती, २०१२ ला बंद झालं आणि २०१४ मध्ये दारूखान्याला तोडायला घेतली. सुमारे ७०० फुटांचं जहाज, १/७०० स्केलमध्ये बरोबर एक फूट होतं, शाळेच्या पट्टीएवढं, म्हणजे आमच्या घरातही सहज मावतं. म्युझियमच्या काळात ज्यांनी डेकवरचे, हँगरमधले, लिफ्टजवळचे फोटो काढले त्यांचे ते कौटुंबिक फोटो आज मॉडेलवाल्यांसाठी सोन्याच्या किमतीचे आहेत. मागे काका-काकू उभे असतात आणि त्यांच्या खांद्यामागे नेमका तो रेलिंगचा तुकडा दिसतो जो कुठल्याच ड्रॉइंगमध्ये नीट कळत नाही.

पद्मिनीचंही तेच झालं. शेवटची २००३ च्या ऑक्टोबरमध्ये नोंदवली गेली, टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा, त्यामुळे २०२३ चा ऑक्टोबर संपता संपता सगळ्या रस्त्यावरून गेल्या. आणि त्याच्या महिनाभर आधी, १५ सप्टेंबरला, बेस्टची जुनी डबलडेकर गेली.

तर पुढचं काम तेच आहे. रेव्हेलचं १/२४ चं रूटमास्टर, म्हणजे लंडनची लाल डबलडेकर बस, मिळतं, मोठं सुंदर किट आहे, पण त्याला लाल रंग मारून बेस्ट लिहिलं की झालं असं नाही होत. रूटमास्टरमध्ये ड्रायव्हरची केबिन अर्धी, बाजूला इंजिन, आपल्या शेवटच्या लेलँड गाड्यांचं तोंड सपाट आणि पूर्ण रुंदीचं. चाकं आणि फार तर सीटच्या काही रांगा वापरता येतील, बाकी बॉडी परत शीटमधून. आणिक डेपोच्या बेस्ट म्युझियममध्ये जुन्या बस आणि ट्रामची मॉडेल आहेत, ती बघून आलोय. बाहेरची मापं मिळवली, अडलंय ते आत. वरच्या मजल्यावर जाणारा जिना, त्याच्या पायऱ्या किती, कठडा कुठे वळतो, आणि वर पोचल्यावर पहिली सीट भिंतीपासून किती लांब. तुमच्यापैकी कोणी २०२३ च्या आधी वरच्या मजल्यावर बसून फोटो काढले असतील, अगदी सेल्फी असली तरी, तर बॅकग्राउंडमध्ये जिना दिसतोय का तेवढं बघा आणि असेल तर मला पाठवा.